मंठ्यातला समुद्र

मंठ्यात समुद्र आहे. बसस्थानकामागच्या गल्लीत, एका कृषी सेवा केंद्राच्या परसात, वाळलेल्या कढीपत्त्याच्या खोडाशेजारी. लांबी-रुंदी बाजेएवढी, खोली गुडघाभर. त्यात पाणी नाही. तळाला जाड प्लास्टिक, त्यावर भुसा, शेणखत आणि माती, कडेनं शहाबादी फरशीचे तुकडे. तरी तालुक्यातले शेतकरी त्याला समुद्रच म्हणतात. "फवारणीचा पंप समुद्रावर धुऊन आलो" हे वाक्य मंठ्यात कोणाला विचित्र वाटत नाही. बाहेरून आलेल्याला वाटतं.

मी तिथं, जालना जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी, एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि त्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. दुकानाचे मालक तेच घरमालक. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. पन्नाशी ओलांडलेली, उंच, बांधा किंचित पुढं झुकलेला, कृषी शाखेची पदवी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एक चालणारं. खोली देताना त्यांनी नाव, जात, पगार काही विचारलं नाही. एवढंच विचारलं :

"तुमच्या गावचं पाणी कुठं जातं?"

मी म्हणालो, नळाला कधी येतं ते माहीत आहे, जातं कुठं ते पाहिलेलं नाही.

"पेपरवाले," अण्णा बायकोकडं वळून म्हणाले, "आन् एवढं माहीत न्हाई."

या प्रश्नाचं मूळ आमच्याच पेपरात होतं. आठव्या पानावर, तळाशी, जाहिरात कमी पडली म्हणून उरलेल्या जागेत एक छोटी बातमी लागली होती. शेतात फवारलेली तणनाशकं नद्यांवाटे समुद्रात पोचतात आणि तिथल्या जिवांच्या शरीरात साचत जातात. लहान माशातून मोठ्यात, मोठ्यातून आणखी मोठ्यात. बातमी तिथंच संपत होती. जागाही तिथंच संपत असावी. अण्णा पेपर पहिल्या अक्षरापासून निविदा-सूचनांपर्यंत वाचत. बाकी मंठ्यानं ती बातमी पाहिली नाही. अण्णांनी ती कापून गल्ल्यावरच्या काचेखाली, लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावली. त्या वेळी त्यांच्या पाठीमागच्या फळीवर तणनाशकाच्या बाटल्या छतापर्यंत रचलेल्या होत्या.

अण्णांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. बातमीतल्या जिवांपैकी त्यांना ओळखीचं एकच होतं, कासव; तेही देवळातलं. पण महिन्याभरात ते त्या कासवाबद्दल घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोलू लागले. "त्याला आता पवता यीना झालंय," ते सांगत. "नजर गेली त्याची." बातमीत यातलं काही नव्हतं. मी तसं दाखवून दिलं, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "तुमी छापलं न्हाई म्हणून व्हत न्हाई का?"

दुकानात नवा रिवाज सुरू झाला. बियाणं, खत, किडीचं औषध मागितलं की लगेच मिळे. तणनाशक मागितलं की अण्णा दोन्ही हात काउंटरवर ठेवून विचारत, "तुमच्या शेतातलं पाणी कुठं जातं?"

"ओढ्याला."

"ओढा कुठं जातो?"

"पूर्णेला."

"पूर्णा?"

"आता आमाला काय माहीत अण्णा, जल्दी करा, ट्रॅक्टर उभाय बाहेर."

"गोदावरीला. आन् गोदावरी?"

गिऱ्हाइकाच्या तोंडून 'समुद्राला' हा शब्द आल्याशिवाय बाटली फळीवरून खाली येत नसे. पहिल्या हंगामात लोक चिडले. दुसऱ्या हंगामापर्यंत त्यांनी ते पाठ केलं. माणूस पायरीवरूनच म्हणे, "ओढा-पूर्णा-गोदावरी-समुद्र, एक लिटर द्या." आरतीच्या शेवटच्या कडव्याला येतो तसा वेग त्याला आला होता. दक्षिणेकडच्या गावांचं पाणी आधी दुधनेत आणि मग पूर्णेत जातं, म्हणून त्यांना एक नदी जास्त म्हणावी लागे. ते तक्रार करत, "आमालाच काहून लांबचं?" एक म्हातारे गृहस्थ अर्ध्यात अडले की पुन्हा ओढ्यापासून सुरुवात करत.

हरकतीही येत. "येलदरीला धरण हाय की अण्णा, तिथंच अडत आसंल सगळं."

"मंग धरणाला दारं कशाला ठेवल्यात? हवा यायला?"

कोणी म्हणे, कासवाचं आम्हाला काय. अण्णा तयारच असत. "देवळात गेलं की आधी कुणाच्या पाया पडतो?"

"कासवाच्या."

"आन् शेतात गेलं की त्यालाच औषध पाजतो."

"ते देवळातलं दगडाचंय अण्णा. त्याला काय व्हत न्हाई."

यावर अण्णा बाटली देऊन टाकत.

तणनाशक विकणंच बंद का करत नाही, असं मी एकदा विचारलं. अण्णांनी रस्त्यापलीकडच्या दुकानाकडं बोट दाखवलं. "म्या न्हाई विकलं तर समोरचा विकतो. तो इचारतो का कुणाला, पाणी कुठं जातं? बिलकुल न्हाई. मंग कासवाच्या फायद्याचं काय? म्या विकणं." हा युक्तिवाद खोडायला अवघड होता आणि सोयीचाही होता. आतून काकूंचा, म्हणजे अण्णांच्या पत्नीचा, आवाज आला, "दारूच्या दुकानात प्रवचन चाल्लंय. बसा ऐकत."

खड्डा हा या विचाराचा पुढचा टप्पा. अण्णांचं म्हणणं असं की शेतात पडतं त्याचं निदान गवत तरी मरतं, पण पंप धुतलेलं पाणी निव्वळ कासवासाठी असतं. शेतकरी पाठीवरचा पंप धुतो तो ओढ्यावर. पाणी तिथंच असतं, पायही धुऊन होतात. अण्णांनी परसात खड्डा खणून घेतला आणि जाहीर केलं की तणनाशक नेणाऱ्यानं फवारणी झाल्यावर पंप इथं आणून तीनदा धुवायचा. भुसा आणि शेणखतात औषध मुरतं आणि कुजून जातं, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. न धुणाऱ्याला पुढची बाटली नाही.

शेजारी पंपदुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणारे चाचा दिवसभर नोझल फुंकत बसलेले असत. खड्डा भरून झाला त्या दिवशी ते भिंतीवरून डोकावले.

"क्या अण्णा, क्या बनारे?"

"हितंच आडवायचं चाचा सगळं. समुद्राला जाऊ द्यायचं न्हाई."

"मतलब समुंदरइच इधर लाए तुम. मच्छी कब डालरे?"

नाव तिथून पडलं.

काकूंचा खड्ड्याला विरोध होता. त्यांची कपड्यांची दोरी गेली, उन्हाळी वाळवणाची जागा गेली. आणि पुढच्या वर्षी कढीपत्ता गेला. खोडाजवळची फरशी कलली होती, पहिल्याच मोठ्या गर्दीत पाणी तिकडं उतरलं. झाड शेंड्याकडून वाळत आलं. काकूंनी ते लग्नानंतर माहेराहून आणून लावलेलं होतं. अख्खी गल्ली त्याची पानं तोडून नेई.

"कासवाचं मला माहीत न्हाई," काकू म्हणाल्या, "माझा कढीपत्ता मेला."

"बघ," अण्णा उत्साहानं म्हणाले, "त्याचं कसं व्हत आसंल मंग!"

त्यानंतर दोन दिवस अण्णांचं जेवण माझ्याच खोलीत झालं. त्यांनी फरशी पुन्हा बसवली, उतार बदलला, पण दोरीचा विषय निघाला की काकू वाळल्या खोडाकडं नुसतं बघत.

काकूंबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांच्या बैठकीत दोघांचा लग्नानंतरचा फोटो होता, जालन्याच्या स्टुडिओत काढलेला. मागं पडद्यावर रंगवलेला समुद्र, दोन नारळाची झाडं, एक शिडाची होडी. पुढं अण्णा बूट घालून, हात मांडीला चिकटवून, शाळेच्या कवायतीत उभे राहावेत तसे. शेजारी काकू, त्या कॅमेऱ्याकडं न बघता मान वळवून पडद्याकडं बघतायत. फोटोवाला ओरडला होता म्हणे. त्याच दिवशी काकूंनी विचारलं, खरा कधी दाखवता? अण्णा म्हणाले, दाखवू. मग दुकान, मुलीचं शिक्षण, तिचं लग्न. काकूंनी तुळजापूर, शिर्डी, नांदेड पाहिलं. समुद्र राहिला. फोटो त्या रोज पुसत, आणि पुसताना अण्णा घरात असतील तर जरा वेळ लावून पुसत.

त्यांचं माहेर भोकरदन तालुक्यातलं, धावड्याचं. एका दिवाळीला त्यांचे भाऊ आले आणि जेवताना सहज म्हणाले की यंदा आम्हीबी तणनाशक मारून राह्यलो. अण्णांनी घास खाली ठेवला. पाणी कुठं जातं? भावाचं शेत डोंगराच्या धारेपलीकडं, खानदेशाच्या अंगाला होतं. अण्णांनी शाळेचा जुना नकाशा आणला आणि ताटांमध्ये पसरला. धारेच्या अलीकडं पडलेला थेंब गोदावरीला, पूर्वेच्या समुद्राला. पलीकडं पडलेला तापीला, पश्चिमेच्या.

"म्हंजे तुमचं आमचं पाणीच एक न्हाई," अण्णा मेहुण्याला म्हणाले. "तुमचा समुद्रच येगळा."

"सोयरीक झाली तव्हा न्हाई काढला नकाशा," भाऊ म्हणाले आणि त्यांनी भाजी वाढून घेतली.

काकूंनी नकाशाची घडी घालताना एकदा तो पुन्हा उघडून पाहिला.

अशा घरात जूनच्या सुरुवातीला कंपनीचा माणूस आला. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, वागायला अदबशीर. त्यानं चहा घेतला आणि सांगितलं की या हंगामात तणनाशकाच्या इतक्या पेट्या उचलून विकणाऱ्या दुकानदारांना कंपनी गोव्याला नेणार आहे. विमान नाही, पण एसी बस. हॉटेल समुद्राला लागून. आणि जोडीनं.

कप घ्यायला आलेल्या काकू दारातच थांबल्या. "कुणाच्या जोडीनं?"

"मिसेसना घेऊन, काकू."

"खिडकीतून दिसतो का?"

"गॅलरीतनं दिसतो."

काकू आत गेल्या. त्या दिवशी कंपनीच्या माणसाला दुसरा चहा आणि भजी मिळाली.

अण्णांनी आकडा पाहिला. आदल्या वर्षी विकल्या त्याच्या दुप्पट पेट्या होत्या. "गोवाच काहून?" त्यांनी विचारलं. "राजमहेंद्रीला न्या. तिथून पुढं आपली गोदावरी समुद्राला मिळती. बघू तरी काय करून ठेवलंय."

"अण्णा, बाकीचे डीलर मला मारतील."

तो गेल्यावर दुकानातलं बोलणं मी जिन्यावरून ऐकलं. ऐकायचा हेतू नव्हता, पण आवाज पेठेपर्यंत जात होता.

"पंचवीस वर्षं झाली 'दाखवू' म्हणून," काकू म्हणत होत्या. "आता दुसरा दाखवून राह्यलाय तर तुमाला पाणी आठवलं."

"आगं, समुद्र पाह्यला जायाचं म्हणून समुद्रातच दुप्पट औषध सोडायचं? बराबर हाय का हे?"

"माझा कढीपत्ता मारला तव्हा बराबर व्हतं का?"

त्यानंतर ठरलं ते असं: अण्णा विक्री वाढवणार नाहीत, आणि काकू विक्री कमी होऊ देणार नाहीत. काकू दुपारी गल्ल्यावर बसू लागल्या. त्या नद्या विचारत, पण नापास कोणाला करत नसत. 'ओढा' म्हटलं की त्याच पुढं म्हणत, "पूर्णा, गोदावरी, समुद्र. घ्या."

तरी जुलैच्या मध्यापर्यंत आकडा फार दूर होता. लोक समोरच्या दुकानात जात. तिथं प्रश्न नव्हते, धुणं नव्हतं, उलट बाटलीबरोबर टोपी मिळे. काकू दारात उभ्या राहून त्या टोप्या बघत. गोवा जवळजवळ गेलाच होता.

तो परत आला ते पंपामुळं. त्या खरिपात पाऊस उघडीप देईना. खुरपायला बाया मिळेनात, चिखलामुळं शेतात वाफसा नाही म्हणून बैलांचं कोळपं चालेना, आणि गवत सोयाबीनच्या डोक्यावर गेलं. जो तो तणनाशक मारत सुटला. त्याच घाईत बांधावरचं तण मारायला एक औषध वापरलं जातं, त्याचा पंप नुसता खळबळून लोकांनी दुसऱ्या दिवशी त्यातच तुडतुड्या किडीचं औषध भरलं आणि कपाशीवर मारलं. पंपाच्या तळाशी आणि नळीत जे राहिलं होतं तेवढं पुरलं. आठवड्याभरात कपाशीची पानं आकसली, चिरली आणि भेंडीच्या पानांसारखी दिसू लागली. मी फोटो काढायला गेलो तेव्हा एक शेतकरी शेताकडं हात करून म्हणाला, "कपाशी पेरल्ती, भेंडी उगवली. लिहा." त्या शिवारात एकाआड एक शेत तसं होतं. मधली शेतं हिरवी, सपाट पानांची. हिरव्या शेताच्या मालकाला विचारलं, तुमचं कसं वाचलं?

"आमी समुद्रावर धुतो ना पंप," तो म्हणाला. "त्यो अण्णा सोडतो का तीनदा धुतल्याबिगर."

वस्तुस्थिती नोंदवायची तर, अण्णांनी कपाशीचा विचार केलेला नव्हता. तीनदा धुणं कासवासाठी होतं. पण लोकांना तेवढं खोलात जायचं नव्हतं. अण्णांचं औषध 'शुद्ध' असतं, अशी बोलवा तालुकाभर झाली. बाटल्या दोन्ही दुकानांत एकाच कंपनीच्या होत्या. चाचांनी भर घातली. त्यांच्याकडं दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "अण्णा के इधर का पंप खोलो तो अंदर से दुल्हन के माफिक चमकता."

दुकानापुढं रांग लागली. अण्णा काउंटरवरून विनवू लागले.

"आरे, बाया लावा. खुरपा. दोन दिसांत व्हतंय."

"बाया कुठंयत अण्णा? तुमी येता का खुरपाया?"

"येतो की!"

आणि अण्णा गेले. खुरपं घेऊन, गमबूट घालून, चाचांच्या मोटारसायकलवर मागं बसून. एक एकर सोयाबीन हातानं निंदून दाखवतो, असं त्यांनी रांगेसमोर सांगितलं होतं. दुपारच्या आत चाचा त्यांना घेऊन परत आले. अण्णा मोटारसायकलवर बसलेल्या स्थितीतच होते आणि उतरवल्यावरही तसेच राहिले. दीड तास झाला होता, चाचांनी सांगितलं, आणि निम्मं सोयाबीनच उपटलं होतं. कंबर गेली. काउंटरमागं गादी टाकली. पुढचे कितीतरी दिवस अण्णा तिथं पालथं पडून दुकान चालवत होते. गिऱ्हाइकाला ते दिसत नसत, काउंटरपलीकडून जमिनीतून आवाज येई, "पाणी कुठं जातं?" आणि गिऱ्हाईक वाकून उत्तर देई. बाटली काकू काढून देत. त्या काळात विक्री सर्वांत जास्त झाली.

अण्णांनी पडल्यापडल्या जे करता येईल ते केलं. एका एकराला दोन बाटल्या मागणाऱ्याला एकच द्यायला लावली. ओढ्याच्या कडेनं बिनफवारणीचा पट्टा सोडायची शपथ घ्यायला लावली. परसात पंप धुण्यासाठी सकाळपासून ओळ असे, त्यामुळं खड्ड्यातला भुसा दोनदा नव्यानं भरावा लागला. काही उपयोग झाला नाही. ते जितकं अडवत, तितका लोकांचा विश्वास वाढे. पोळ्याच्या आसपास कंपनीचा माणूस पेढे घेऊन आला. तालुक्यात पहिला नंबर. त्यानं वाकून काउंटरमागं हार घातला. अण्णांनी तो मान न उचलता घालून घेतला. घरात काहीतरी वाईट घडल्यासारखा त्यांचा चेहरा होता. आत शिरा होत होता.

जाणार नाही, असं अण्णांनी सांगून पाहिलं.

"नका येऊ," काकू म्हणाल्या. "जोडीनं म्हणतीय ना कंपनी? चाचीला नेते."

भिंतीपलीकडून चाचांचा आवाज आला, "वो तो बॅग भर के बैठी, भाभी!"

अण्णा गेले.

गोव्यात जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. दोघांकडून स्वतंत्रपणे ऐकलं आहे. जिथं दोन्ही हकिकती जुळतात तेवढंच इथं देतो. शेवटचा भाग सोबतच्या एका दुकानदारानं फोनवर चित्रित केला होता, तो मी पाहिला आहे.

पोचल्या रात्री जेवणात मासा होता. अण्णा नदीचा मासा खाणारे. पूर्णेचा मरळ त्यांच्या आवडीचा. पण ताट पुढं आल्यावर ते नुसतं बघत बसले. जालन्याकडच्या दुकानदारांना कासवाची कथा माहीत होती. एकानं डिवचलं, "खा की अण्णा. तुमचाच माल हाय."

"माझा न्हाई," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "आपला माल पूर्वेच्या समुद्राला जातो. हा पश्चिमेचा हाय." आणि त्यांनी शेजारी बसलेल्या खानदेशातल्या दुकानदाराला विचारलं, "तुमची तापी कुठं जाते?"

"सुरतेकडं."

"तिथून?"

त्या माणसानं हातातला तुकडा ताटात ठेवला. मग ताट हळूच पुढं सरकवत म्हणाला, "एकदा विकलेला माल परत घेत नाही आपण." ही पाटी तिथं जेवायला बसलेल्या प्रत्येकाच्या दुकानात होती. त्या टेबलावर नंतर सगळ्यांनी पनीर मागवलं. अण्णा हॉटेलवाल्या यजमानांच्या वतीनं दुःखी होते, असं काकू सांगतात.

सकाळी सगळे किनाऱ्यावर गेले. चित्रण इथून सुरू होतं. काकू नऊवारीचा काष्टा घट्ट करून सरळ पाण्याकडं चालत जातात. मागं वळून बघत नाहीत. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत. तिथं थांबतात. लाट येते, काकू एक पाय उचलतात, पुन्हा ठेवतात. बराच वेळ त्या नुसत्या उभ्या आहेत. अण्णा मागं, कोरड्या वाळूत, बूट घालून, हात मांडीला चिकटवून.

"या की!" काकू ओरडतात.

"हा आपला समुद्र न्हाई!" अण्णा ओरडून सांगतात.

"तुमचा नसंल! माझ्या माहेरचा हाय! तुमीच दाखवल्तं नकाशात!"

चित्रण करणारा हसतो, त्यामुळं फोन हलतो. सावरल्यावर दिसतं ते असं : काकू खाली वाकून पाण्यात बघतायत, अगदी स्थिर. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "पायावरनं कायतरी गेलं. बारीक. जित्तं व्हतं." मासा होता का खेकडा, ते त्यांना सांगता आलं नाही.

मग त्या सरळ होतात, कमरेच्या पिशवीतून फोन काढतात आणि लावतात. वारा आहे, लाटांचा आवाज आहे, म्हणून त्या धावड्याच्या शेतात ऐकू जावं अशा आवाजात बोलतात. फोनही स्पीकरवर ठेवलेला आहे, त्यामुळं पलीकडचं ऐकू येतं.

"दादा! पंप कुठं धुतो रं तू?"

"काय?"

"पंप! गवताचं औषध मारल्यावर! कुठं धुतो?"

"कुठं म्हंजे? ओढ्याला. तू कुठंयस? पोचले का गोव्याला?"

"ओढ्याला धुवायचा न्हाई आजपासून."

"आगं पण समुद्र कसाय, ते तर सांग!"

"ते मंग," काकू म्हणतात. "आधी पंपाचं बोल."